इंदूरच्या रस्त्यांवर पहाटे धावताना वाहनांपासून स्वतःला कसे जपावे

इंदुरात जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि जूनमध्ये पावणेसहाच्या आतच वर येतो. फेब्रुवारीत होणाऱ्या मॅरेथॉनची तयारी मात्र नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत चालते. त्यामुळे सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या भागांतून साडेपाचला बाहेर पडणारी आपली मंडळी वर्षातली सर्वांत लांब अंतरे नेमकी सर्वांत काळोख्या पहाटे धावत असतात. त्या वेळी रहदारी कमी असते हे खरे, पण रस्ता मोकळा म्हणूनच वाहने वेगात असतात. रात्रभर बस चालवून शहरात शिरणारा चालक, चोइथराम मंडईकडे निघालेली भाजीची लोडिंग रिक्षा आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला यांपैकी कुणालाही त्या घटकेला रस्त्याच्या कडेने माणूस धावत असेल असे वाटत नाही.

त्रास देणारे चालक दोन प्रकारचे असतात आणि दोघांसाठी एकच उपाय करणारा फसतो. पहिला बेपर्वा असतो; त्याने आपल्याला पाहिलेलेच नसते. दुसरा मुद्दाम कट मारून जातो, कानाशी हॉर्न वाजवतो किंवा काच खाली करून काहीबाही बोलतो. ज्याचे लक्ष नाही त्याच्या नजरेत भरायचे आणि ज्याचे लक्ष नको तितके आहे त्याच्या नजरेआड व्हायचे, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. अडचण अशी की पहिल्या क्षणी हे दोघे सारखेच दिसतात.

मला हे अन्नपूर्णा मार्गावर कळले. डिसेंबरातली धुक्याची पहाट होती, अंगात काळा टी-शर्ट होता आणि मी रस्त्याच्या डाव्या कडेने, म्हणजे वाहनांकडे पाठ करून धावत होतो. मागून आलेल्या मोटारीचा आरसा माझ्या उजव्या कोपराला लागला आणि खटकन आत मिटला. मी संतापून ओरडलो. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली आणि तिच्यातून उतरलेले वयस्कर गृहस्थ हात जोडून म्हणाले, "भाईसाहब, सच में दिखे ही नहीं।" त्यांच्या समोरच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि तिच्यात हाताने पुसलेला ताटलीएवढा एक गोल होता. तेवढ्या गोलातून ते रस्ता पाहत होते. त्या गोलात मी कधी आलोच नसणार. कोपर आठवडाभर सुजलेले राहिले. काळा टी-शर्ट मी पुन्हा धावायला घातला नाही.

कपड्यांपासून सुरुवात करावी ती यासाठी. ताशी 50 किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला सुमारे 14 मीटर पुढे सरकते. आपण दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर 21 मीटर तसेच संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी उभी राहायला आणखी 14-15 मीटर लागतात. म्हणजे साधारण 35 मीटरांवरून आपण दिसायलाच हवे; रस्ता ओला असेल तर त्याहूनही दुरून. भडक पोपटी किंवा नारिंगी फ्लोरोसंट बनियन झुंजुमुंजू झाल्यावर फार उठून दिसते, कारण ते रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर करतात. काळोखात मात्र त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. काळोखात कामाला येते ती रिफ्लेक्टरची पट्टी, जी दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. ही पट्टी छातीवर असतेच, पण घोट्यांवर आणि मनगटांवरही बांधावी. वरखाली हलणारे दोन ठिपके पाहिले की "हा माणूस आहे" हे चालकाला चटकन उमगते. छातीवरची स्थिर पट्टी त्याला एखाद्या खांबावरची वाटू शकते.

पट्टीची एक मर्यादा आहे. समोरच्याचा दिवाच बंद असेल तर परत पाठवायला प्रकाश कुठून येणार? एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला राहतो, त्यामुळे त्यांची चिंता कमी. मोटारवाले मात्र थोडे फटफटले की दिवे घालवतात, आणि जुन्या लोडिंग रिक्षांचा तर एखादा दिवा कायमचाच गेलेला असतो. म्हणून कपाळावर किंवा कमरेला स्वतःचा छोटा चार्जिंगचा दिवा असावा, आणि पाठीवर लाल लुकलुकणारा.

आता रस्त्याची बाजू. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून फुटपाथ नसेल तेथे उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे. हे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की या नियमाने धावतानाही पाठ मोकळी पडते, आणि तीही दोन तऱ्हांनी. दुभाजक असलेल्या रस्त्यावर पुढच्या कटपर्यंतचा वळसा वाचवायला राँग साइडने येणारे दुचाकीवाले नेमके त्याच कडेने, आपल्या मागून येतात. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर धोका निराळा आहे. मागून येणारी बस पुढच्या ट्रकला ओलांडायला उजवीकडे येते, म्हणजे आपल्या कडेला येते, आणि ती समोरचा रस्ता रिकामा पाहूनच येते. समोरून बराच वेळ काही आले नाही की आपण निर्धास्त होतो. ओव्हरटेक करणाऱ्याची संधी मात्र तीच असते. सिमरोलच्या दिशेने खंडवा रोडवर लांब अंतर धावणाऱ्यांनी मनाशी एक सवय बांधून घ्यावी: समोरचा रस्ता रिकामा दिसला की मान वळवून मागे पाहायचे.

घाटात आणि वळणावर हाच नियम मोडावा लागतो. रस्ता उजवीकडे वळत असेल तर उजव्या कडेला आपण वळणाच्या आतल्या बाजूला सापडतो, आणि समोरून येणाऱ्याला आपण अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. अशा वळणाच्या बरेच आधी, दोन्हीकडचे दिसत असतानाच, बाहेरच्या कडेला जावे आणि वळण संपल्यावर परतावे. वळणाच्या मध्यावर रस्ता ओलांडू नये.

शहरात सर्वांत जास्त सांभाळायच्या जागा म्हणजे गल्लीची तोंडे, पेट्रोल पंप आणि सोसायट्यांची फाटके. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे पाहतो, कारण वाहने तिकडून येतात. वाहनांकडे तोंड करून धावणारे आपण त्याच्या डाव्या हाताने येतो, म्हणजे तो ज्या बाजूला पाहतच नाही तिकडून. त्याची मान वळलेली असेल तर तो थांबला आहे म्हणून समोरून जाऊ नये. त्याला जागा मिळताच तो न पाहता गाडी पुढे काढणार. अशा वेळी गाडीच्या मागून जावे. चार पावले जास्त पडतात आणि घड्याळात पाच सेकंद वाढतात, एवढेच नुकसान. समोरूनच जाणे भाग असेल तर चालकाच्या चेहऱ्याकडे पाहून हात उंच करावा आणि त्याने मान हलवल्यावरच पाऊल टाकावे. काळ्या काचेची गाडी असेल तर थांबणे बरे.

एबी रोडवर एक गोष्ट अधिक लक्षात ठेवावी. 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तेथील बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मधल्या मार्गाच्या, जाळ्या काढण्याचे काम सुरू झाले. अशा काळात रस्त्याची मांडणी बदलत राहते आणि चालकांचीही सवय मोडलेली असते. ओळखीचा रस्ता म्हणून तेथे गाफील राहू नये.

सूर्य वर आल्यावर स्वतःच्या सावलीकडे पाहण्याची सवय लावावी. आपली लांब सावली येणाऱ्या गाडीच्या दिशेने पडत असेल तर सूर्य आपल्या पाठीशी आणि त्या चालकाच्या थेट डोळ्यांत आहे. आपल्याला गाडी लख्ख दिसते म्हणून आपणही तिला दिसत असू, अशी समजूत नेमकी याच वेळी होते. ती अर्धी घटका कडेच्या मातीवरून धावावे, किंवा त्या दिशेचा रस्ता परतीसाठी ठेवावा.

कानांत गाणी नकोत. ई-रिक्षा आणि विजेच्या बस मुळातच फारसा आवाज करत नाहीत; कान बंद असतील तर त्या अंगावर आल्यावरच कळतात. उभ्या मोटारींच्या रांगेपासून उघडणाऱ्या दाराएवढे, म्हणजे मीटरभर तरी, अंतर ठेवावे. कुत्री मागे लागली तर पळत रस्त्याच्या मध्ये शिरू नये. धावणे थांबवून, त्यांच्याकडे तोंड करून कडेकडेने चालत राहिले की बहुतेक वेळा ती माघार घेतात. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे रात्रभरच्या चित्ररथांची, दुसरी सकाळ आणि रंगपंचमीचा गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, दिवस मी धावण्यातून सरळ वगळतो. जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी घरी परतणाऱ्यांशी मला काही सिद्ध करायचे नाही.

आता मुद्दाम त्रास देणारा. त्याला उत्तर द्यायचे नाही, हातवारे करायचे नाहीत, बोनेटवर थाप तर मुळीच मारायची नाही, कारण त्याच्या हातात टनभर लोखंड आहे आणि आपल्या पायांत अडीचशे ग्रॅमचे बूट. एकदा कट मारून गेला तर बेपर्वा समजून सोडून द्यावे. तोच वळून परत आला किंवा शेजारून हळूहळू चालू लागला तर मात्र शंका ठेवू नये. लगेच उलट्या दिशेने फिरावे, कारण गाडीला वळायला जागा लागते आणि माणसाला लागत नाही. मग जिथे दिवे आणि माणसे आहेत तिकडे जावे. पोह्यांच्या दुकानाची भट्टी इंदुरात त्या वेळी कुठे ना कुठे पेटलेलीच असते. गाडीचा क्रमांक पाठ करण्याच्या भानगडीत न पडता फोनवर स्वतःच्या आवाजात नोंदवून ठेवावा: रंग, प्रकार, एमपी 09 नंतरची अक्षरे आणि आकडे. मग 112 वर कळवावे. महिलांनी रोज एकाच वेळी एकाच मार्गाने जाणे टाळावे आणि घरच्या एकाकडे फोनवरचे चालू ठिकाण सुरू ठेवावे. आमच्या गटातील एक वहिनी आठवड्यातून दोनदा पिपल्यापाला उद्यानाकडची फेरी उलट दिशेने घालतात, एवढ्यानेही एका दुचाकीवाल्याचा रोजचा पिच्छा सुटला.

धडक बसलीच तर ताडकन उठू नये. मान आणि पाठ शाबूत आहे याची खात्री होईपर्यंत तसेच राहावे. वाहने अंगावर येण्याचा धोका असेल तरच इतरांच्या मदतीने कडेला व्हावे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 लावावा. "काही लागलं नाही" असे म्हणून चालकाला जाऊ देण्याचा मोह होतो. मीही त्या दिवशी तसेच केले आणि सूज संध्याकाळी आली. रुग्णालयात अपघाताची नोंद म्हणजे एमएलसी करून घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे राहते. मे 2025 पासूनच्या केंद्राच्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयात अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. पळून गेलेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये आणि मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये भरपाई आहे. धोकादायक रीतीने वाहन चालवणे, आणि चालवताना हातात मोबाइल धरणेही, मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली येते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जखमीला मदत करणाऱ्याला त्याच कायद्याचे कलम 134 अ संरक्षण देते, हे जमलेल्या लोकांना मोठ्याने सांगावे. बघ्यांपैकी निम्मे पोलिसांच्या चौकशीला भिऊन मागे उभे असतात.

फोन फुटू शकतो किंवा कुलूपबंद असतो, म्हणून चड्डीच्या मागच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर नाव, रक्तगट, चालू असलेली औषधे आणि घरच्यांचे दोन क्रमांक हिंदीतही लिहावेत. माझी चिठ्ठी सौभाग्यवतीने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिली आहे आणि दर महिन्याला, चड्डी धुताना विरघळली की, ती नवी लिहून देते.