हौद्यात पडलेला शाफ्ट: जुनी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप उभी करताना शिकलेल्या गोष्टी

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराकडून मी माझी पहिली फोर व्हील ड्राइव्ह पिकअप विकत घेतली, तेव्हा तिचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या एक्सेलकडे नेणारा दांडा, हौद्यात रिकाम्या क्रेटांखाली पडलेला होता. शाफ्ट का काढला, असे विचारल्यावर ते बागायतदार, आण्णा, म्हणाले, “दादा, तो लागतच नाही आपल्याला. काढल्यापासून गाडी हलकी पळते.” मला ते पटले आणि मी वर त्यांच्याकडून थोडी किंमतही कमी करून घेतली. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि या कामात येऊ पाहणाऱ्या मुलांसाठी हा अनुभव लिहिताना मी त्या शाफ्टपासून सुरुवात करतो, कारण जुन्या गाडीतला सुटा करून ठेवलेला भाग हा बहुतेक वेळा एखाद्या दुखण्यावर कोणीतरी केलेला तात्पुरता उपाय असतो, हे मला त्या वेळी कळले नव्हते आणि ते कळायला चार महिने लागले.

मी सातपूरच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो आणि पुष्कळ मुले लवकर कमाई सुरू व्हावी म्हणून तो घेतात. त्यात काही गैर नाही, परंतु गिअरबॉक्स, एक्सेल, स्टिअरिंग आणि ब्रेक या ज्या भागांवर जुन्या जीपचे निम्मे काम चालते, त्यांच्यावर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात अधिक वेळ मिळतो. नाशिकमध्ये हे काम शिकण्याचा एक वेगळा फायदा आहे. महिंद्राने १९४७ साली विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली असली, तरी पुढे कंपनीचा मोठा कारखाना सातपूरला उभा राहिला, आणि त्याच्याभोवती सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सुटे भाग बनवणारी लहानमोठी वर्कशॉपे वाढली. त्यामुळे ज्याने उभे आयुष्य गिअर कापण्यात किंवा बेअरिंग दाबण्यात घालवले आहे, असा निवृत्त माणूस इथे चहाच्या टपरीवरही भेटू शकतो. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी उमेदवारी केली, ते अशांपैकीच एक होते. ते फार बोलत नसत आणि नुसत्या अंदाजाने कोणी काही सांगितले, तर “मोजलंस का?” एवढेच विचारत.

गाडीला पाना लावण्यापूर्वी तिची कागदपत्रे तपासावीत. चेसिसवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनचा क्रमांक पिवळ्या उजेडात, तारेच्या ब्रशने घासून स्वतः वाचावा आणि तो नोंदणी पुस्तकाशी जुळतो का ते पाहावे. या वयाच्या गाड्यांत इंजिन कधीतरी बदललेले असते आणि त्याची नोंद केलेली नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरबदल मालकाला परस्पर करता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या जातीचे इंजिन बसवण्याचा बेत असेल, तर आधी आरटीओमध्ये विचारणा करावी आणि मगच पैसे खर्च करावेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. देवळालीच्या लष्करी वातावरणामुळे म्हणा किंवा हौसेमुळे म्हणा, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या तरुणाला जीप लष्करी हिरव्या रंगात हवी असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, हे त्याला रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच सांगावे.

यानंतर चेसिस. द्राक्षपट्ट्यातल्या गाडीचा गंज हा कोकणातल्या गाडीच्या गंजापेक्षा वेगळा असतो. बोर्डो मिश्रणासाठी वापरले जाणारे मोरचूद वर्षानुवर्षे हौद्यात सांडते, पावसात विरघळते आणि फटींतून खाली चेसिसवर उतरते. मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि लोखंड त्या पाण्यात विरघळत जाते, म्हणून असा पत्रा वरून शाबूत दिसला, तरी आतून कागदासारखा पातळ झालेला असतो. माझ्या पिकअपच्या हौद्याखालचे दोन आडवे तुकडे हातोडीने हलके ठोकताच भोके पडून खाली आले. ते कापून नव्या पत्र्याचे बसवले. मूळ चेसिसला जोड देताना वेल्डिंगची रेघ सरळ आडवी न घेता जोडपट्टी हिऱ्याच्या आकारात कापावी, म्हणजे सगळा ताण एकाच रेषेवर येत नाही. आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या व अल्टरनेटरच्या वायरी सोडाव्यात. पुट्टी, रेड ऑक्साइड आणि रंगाबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण ते काम डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे आहे आणि त्याला ते माझ्याहून चांगले येते.

इंजिन प्यूजो जातीचे, २,११२ सीसीचे, हीटर प्लगवर सुरू होणारे होते. सकाळी सुरू करताना पांढरा धूर यायचा आणि एक सिलिंडर काही वेळ साथ देत नसे. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांनी इंजिन उतरवून पूर्ण उघडण्याचा सल्ला दिला, आणि खरे सांगायचे तर मलाही तेच करायचे होते, कारण उघडलेल्या इंजिनासमोर उभे राहण्यात नव्या मेकॅनिकला एक प्रकारचा मान वाटतो. मिस्त्रींनी मला आधी सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज लावायला लावले. तीन सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले आणि चौथ्याचा बराच खाली होता. त्या सिलिंडरचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली मोकळीक, तपासले, तेव्हा एका व्हॉल्व्हला अजिबात मोकळीक राहिलेली नव्हती. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. मोकळीक मॅन्युअलप्रमाणे ठेवल्यावर, थोडे चालवून पुन्हा मोजले, तर चौथा आकडाही इतरांच्या जवळ आला. नोझल आणि डिझेल पंप मात्र मी स्वतः उघडले नाहीत. ते काम टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच करून घ्यावे, परंतु गाडी तिथे टाकून परत येऊ नये. दुकानदाराची परवानगी घेऊन तिथे थांबावे, नोझलचा फवारा कसा असावा आणि कसा नसावा हे डोळ्यांनी पाहावे.

आता तो शाफ्ट. सगळे झाल्यावर मी तो परत बसवला, फोर व्हील ड्राइव्हचा दांडा टाकला आणि गॅरेजबाहेरच्या डांबरी रस्त्यावर शंभरेक मीटर गेलो. गाडी जड झाली, टायर कुईं करू लागले आणि दांडा परत निघेना. शेवटी जॅकवर एक चाक उचलले, तेव्हा ते चाक आपोआप झटक्याने फिरले आणि मग दांडा सुटला. आण्णांनी शाफ्ट का काढला होता, हे मला तेव्हा समजले.

अशा जुन्या गाड्यांत ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या व मागच्या शाफ्टला वाटणाऱ्या पेटीत, डिफरेन्शियल (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी) नसतो. फोर व्हील ड्राइव्ह टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि दोघांना सारख्याच फेऱ्या माराव्या लागतात. कोरड्या डांबरावर वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट कापतात, त्यामुळे चांगल्या गाडीतही थोडा पीळ भरतोच. म्हणूनच हे फोर व्हील ड्राइव्ह चिखल, वाळू आणि सुट्या मुरमासाठी आहे, तिथे चाके जराशी घसरून तो पीळ सोडतात. परंतु माझी गाडी सरळ रस्त्यावरच अडली होती, म्हणजे बिघाड वळणाचा नव्हता. मिस्त्री नेहमीप्रमाणे म्हणाले, “मोजलंस का?” आणि खडूचा तुकडा माझ्या हातात दिला.

ही मोजणी प्रत्येक नवशिक्याने जुनी फोर बाय फोर विकत घेण्यापूर्वी करावी, कारण तिला एक जॅक आणि खडू यांखेरीज काही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून इतर चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, गिअर आणि ट्रान्स्फर केस न्यूट्रलला ठेवावेत. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो, तेव्हा तो सोडला नाही तर शाफ्ट फिरणारच नाही; आणि हँडब्रेक सुटलेला असल्यामुळेच ठोकळ्यांबाबत कंटाळा करू नये. मग मागचे एकच चाक उचलावे, शाफ्टवर व चाकावर खडूची खूण करावी आणि चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राऊन (एक्सेलमधले मोठे दातेरी चाक) एकच फेरी मारतो, म्हणून चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्ट जितका फिरेल, तेवढे त्या एक्सेलचे प्रमाण. चूक कमी व्हावी म्हणून मी चाक वीस वेळा फिरवले. मागच्या शाफ्टने पावणेएकोणपन्नास फेऱ्या मारल्या. पुढेही, शाफ्ट ट्रान्स्फर केसकडून सोडून आणि चाकांवरचे फ्री व्हील हब (पुढची चाके एक्सेलला जोडणारे किंवा त्यापासून सोडणारे कुलूप) लॉक करून, तसेच मोजले, तर पावणेचोपन्न. दहाने भागले की मागे ४.८८ आणि पुढे ५.३८. नंतर उघडून दात मोजले, तेव्हा मागे ३९ ला ८ आणि पुढे ४३ ला ८ निघाले. कधीतरी मागचा एक्सेल तुटला असावा आणि कोणीतरी दुसऱ्या जातीच्या गाडीचा, मापाने बसणारा पण वेगळ्या प्रमाणाचा एक्सेल बसवून गाडी चालू करून दिली असावी. दोन्ही एक्सेलांत सुमारे दहा टक्क्यांचा फरक होता. एका जुवाला वेगवेगळ्या चालीचे बैल जुंपल्यावर जे होते, तेच प्रत्येक मीटरला होत होते.

दोन्हींपैकी कोणते प्रमाण ठेवायचे, हा प्रश्न गाडीच्या कामावर सोडवावा. महामार्गावर जास्त धावणाऱ्या गाडीला ४.८८ बरे पडले असते. माझी गाडी पेठ आणि हरसूलच्या बाजूला भाताच्या खाचरांतून, चढावर वजन घेऊन चालायची होती आणि इंजिन काही फार ताकदीचे नव्हते, म्हणून मी मागचा क्राऊन-पिनियन (मोठे चाक आणि त्याला फिरवणारे छोटे दातेरी चाक) बदलून ५.३८ केला. इथे मी माझी सर्वांत महागडी चूक केली. जुन्या पिनियनखालच्या शिमच (पिनियनची खोली ठरवणाऱ्या पातळ चकत्या) नव्याखाली तशाच बसवल्या, वरवर हाताने खेळ पाहिला आणि झाकण लावले. ताशी चाळीसच्या वेगाला मागून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. तीनशे किलोमीटरनंतर उघडले, तेव्हा दातांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या आणि नवी जोडी पुन्हा विकत घ्यावी लागली. दुसऱ्या वेळी पिनियनची खोली मोजून शिम ठरवल्या, डायल गेज लावून दातांमधला खेळ मोजला, तो अशा एक्सेलांत साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर ठेवतात, आणि दातांना मार्किंग ब्लू हा निळा रंग लावून ठसा दाताच्या मध्यावर पडतो की नाही ते पाहिले. तेलाबद्दलही इथेच सांगतो: एक्सेलमध्ये जीएल-५ दर्जाचे ९० नंबरचे तेल लागते, पण तेच तेल पितळी सिंक्रो रिंग असलेल्या गिअरबॉक्समध्ये ओतू नये, तिथे जीएल-४ वापरावे.

सुधारणांचा विषय निघाला की नवी मुले आधी मोठ्या टायरबद्दल बोलतात. माझे मत असे, की गाडी थांबण्याची व्यवस्था झाल्याशिवाय टायरांकडे पाहूही नये. या पिकअपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बूस्टरशिवायचा, म्हणजे पायाच्या दाबाला जोर देणारे साधन नसलेला, मास्टर सिलिंडर (ब्रेकचे तेल नळ्यांत ढकलणारा भाग) होता. ओढ्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दोन-तीन दाबांना ती थांबतच नसे. आरटीओमध्ये विचारून पुढे डिस्क आणि बूस्टर बसवायचे ठरवले. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटलमुळे निर्वात तयार होतो. या जुन्या डिझेलला थ्रॉटलच नाही, म्हणून बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला मिळतो. हे मला माहीत होते. पण ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, हे माहीत नव्हते. तोच सिलिंडर डिस्कला जोडल्यामुळे पॅड कधी पूर्ण सुटलेच नाहीत आणि त्र्यंबक रस्त्यावर दहा-बारा किलोमीटरमध्ये पुढचे हब हात लावता येणार नाही इतके तापले. पुढच्या वाटेवरचा तो व्हॉल्व्ह काढल्यावर त्रास संपला. टायर मी शेवटी थोडेसेच मोठे घेतले. टायरचा व्यास आठ टक्के वाढला, तर स्पीडोमीटर तेवढा कमी वेग दाखवतो आणि गिअर तेवढे लांब होतात. एवढ्या खटपटीने मिळवलेले ५.३८ मला टायरांत घालवायचे नव्हते. हेडलाइटला रिले बसवल्या, इतकेच विजेचे काम केले.

धंदा म्हणून याकडे पाहणाऱ्यांना एक सूचना करतो: ग्राहकाला एकदम पूर्ण खर्चाचा आकडा सांगू नये. गाडी उघडण्यापूर्वी तो कोणालाही माहीत नसतो, आणि एकदा तोंडातून गेलेला आकडा वाढवताना फार संकोच होतो. मी काम टप्प्यांत सांगतो. आधी फक्त तपासणी, तिचे पैसे वेगळे, मग चेसिस व ब्रेक, मग पुढचे. प्रत्येक टप्प्याची मोजमापे एका वहीत लिहितो आणि ती वही गाडीबरोबर मालकाला देतो. काही जुने मिस्त्री यावर हसतात, कारण वही दिली की पुढच्या वेळी ग्राहक दुसऱ्याकडेही जाऊ शकतो. तसे जातातही काही जण.

आणि उघडून बसवलेला एक्सेल परत देताना मी पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा बोलावतो, तेल एका स्वच्छ पांढऱ्या घमेल्यात उतरवतो आणि ड्रेन प्लगला लोहचुंबक लावून पाहतो. राखाडी, पिठासारखा मऊ थर असेल, तर तो नव्या दातांची घसाई असते. बोटाला टोचणारा एकही कण लागला, तर गाडी त्या दिवशी गॅरेजमध्येच राहते.