प्रतिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेची तयारी: सांगलीच्या विद्यार्थ्यांसाठी

या परिषदेत प्रत्येक विद्यार्थी चिठ्ठीने मिळालेल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलतो. चिठ्ठीत बांगलादेश आला, तर त्या दिवसापुरते आपले मत घरी ठेवावे आणि 'माझ्या मते' न म्हणता 'बांगलादेशाची भूमिका अशी आहे' असे बोलावे. हवामानबदलाच्या विषयासाठी प्रथम 2015 चा पॅरिस करार वाचावा, तापमानवाढ 1.5 अंशांवर रोखण्याच्या प्रयत्नांचा उल्लेख त्यात कोणत्या शब्दांत आहे, हे मुळातून पाहावे, कारण अर्धा वाद शब्दांवरच होतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलावरची पातळी तासातासाला विचारणाऱ्या सांगलीकरांना पूर समजावून सांगावा लागत नाही. मात्र तो अनुभव भाषणात एका वाक्यापुरताच आणावा, आणि लगेच नुकसानभरपाईच्या निधीची मागणी मांडावी.

तंत्रज्ञानाच्या विषयात मुले बहुधा यंत्रमानवांवर घसरतात. त्याऐवजी माहिती साठवणाऱ्या प्रचंड संगणक-केंद्रांना (डेटा सेंटर) लागणारी वीज व पाणी, तसेच बांगलादेशात शिवणयंत्रावर पोट असलेल्या कामगारांचे भवितव्य यांवर बोट ठेवावे. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा मार्च 2024 मधील ठराव नमुना म्हणून जवळ असावा.

ठरावाच्या मसुद्यात प्रस्तावनेची कलमे आधी व कृतीची नंतर येतात. 'योग्य ती पावले उचलावीत' हे वाक्य खोडून कोणी, किती आणि कधीपर्यंत, ते लिहावे. मसुद्याला इतर देशांच्या पाठिंब्याच्या सह्या मात्र चहाच्या सुट्टीतच मिळतात.