जाहिरात लक्षात राहते, ब्रँड विसरला जातो: या चुका टाळा

जाहिरात आवडली, बघणाऱ्याने चार जणांना दाखवलीही. पण ती कोणत्या साबणाची होती असं विचारलं की तो गप्प. अशी तक्रार आली की कारणं बहुतेक वेळा तीच ती निघतात.

सर्वांत महागात पडते ती ओळखीच्या खुणा टाकून देण्याची चूक. जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकानाने संत्र्याच्या रसाचं खोकं बदललं. स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं गेलं, रसाचा ग्लास आला. आडवं असलेलं नाव उभं झालं. नवं खोकं सुटं पाहिलं तर नीटनेटकंच होतं. पण दुकानातल्या फळीसमोर उभं राहून कोणी पाकीट वाचत बसत नाही. ओळखीचं चित्र दिसलं की हात आपोआप जातो. चित्र, नाव आणि मांडणी एकदम बदलल्यावर नेहमीच्या गिऱ्हाइकांना आपलंच खोकं सापडेना. काहींना ते दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त मालासारखं वाटलं. दोन महिन्यांच्या आत खप सुमारे २० टक्क्यांनी घसरला आणि फेब्रुवारीतच जुनं खोकं परत आणण्याची घोषणा झाली.

२०११ मध्ये कोका-कोलाने ध्रुवीय अस्वलांच्या रक्षणासाठी पांढरे कॅन काढले. हेतू उत्तम होता, पण लोकांची डाएट कोकच्या रुपेरी कॅनशी गफलत झाली आणि लाल रंग परत आणावा लागला.

म्हणून आधी पाकिटावरचं नाव झाकून दहा जणांना ते कोणाचं आहे ते ओळखायला सांगा. ज्या खुणेवरून ओळखलं, तिला हात लावू नका. बाकीच्यांतली एका वेळी एकच मोठी गोष्ट बदला. मग खऱ्या मापाचा नमुना छापा, स्पर्धकांच्या पाकिटांमध्ये ठेवा आणि तीन मीटरवरून तीन सेकंद बघा. स्क्रीनवर मोठं करून पाहिलेलं डिझाइन सगळ्यांनाच आवडतं. त्यावर निर्णय घेऊ नये. नवख्या डिझायनरला पहिल्याच आठवड्यात लोगो बदलायची घाई असते. त्याला आधी ही चाचणी करायला लावावी.

दुसरी चूक होर्डिंगवरची गर्दी. अक्षर आरामात वाचता यावं यासाठी दर १० फूट अंतराला १ इंच उंची, हा जुना हिशेब आहे. ३०० फुटांवरून वाचायचं तर अक्षर ३० इंचांचं हवं. देवनागरीत ही उंची मूळ अक्षराची धरा, वेलांट्या आणि उकार सोडून. पत्ता, फोन नंबर आणि तीन ऑफर कोंबल्या की ओळी ६ इंचांवर येतात, म्हणजे ६० फुटांवरून वाचायच्या. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी ते अंतर साधारण एका सेकंदात कापते. सात शब्द, एक चित्र, एक नाव. आठवा शब्द हवाच असेल तर आधीचा एक काढा.

विचित्रपणा म्हणजेच कल्पकता हा समज तर फारच पसरलाय. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅडबरीची ड्रम वाजवणाऱ्या गोरिलाची जाहिरात गाजली. त्यात चॉकलेट अगदी शेवटी येतं, पण गोरिलामागची भिंत सुरुवातीपासून कॅडबरीच्या जांभळ्या रंगाची आहे. नक्कल करणाऱ्यांनी गोरिला उचलला आणि भिंत सोडून दिली. ब्रँडची खूण पहिल्या दोन-तीन सेकंदांतच दिसू द्या. लोगो शेवटी दाखवायचा म्हटलं तर तोपर्यंत बरेच जण पुढे गेलेले असतात.

बाकीच्या थोडक्यात. आवाज बंद करून व्हिडिओ पाहा. अर्थ लागत नसेल तर सबटायटल्स घाला. इन्स्टाग्रामच्या १०८० बाय १९२० पिक्सेलच्या उभ्या स्टोरीत वरचे २५० आणि खालचे ३४० पिक्सेल मजकुराविना ठेवा, तिथे बटणं येतात. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा चार रंगांच्या (निळसर, किरमिजी, पिवळा, काळा) छपाईत मळकट उतरतो. छापील नमुना पाहिल्याशिवाय मंजुरी देऊ नका. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत छापा. चार शायांत छापला आणि एका शाईची छपाईची प्लेट जराशी सरकली तरी अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात.