जुनी पिकअप स्लोवर टिकत नाही? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

जुन्या पेट्रोल पिकअपचं इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, थरथरायला किंवा बंद पडायला लागलं, की बहुतेक जण प्लग बदलतात, फिल्टर बदलतात आणि शेवटी स्लोचा स्क्रू पिळतात. कधीकधी गाडी सुधारल्यासारखी वाटतेही. पण मूळ दोष तसाच राहिलेला असतो आणि स्क्रू हलवल्यामुळे त्यात आणखी एकाची भर पडलेली असते. या गाड्या अजून कितीतरी वर्षं काम देऊ शकतात. अंदाजाने पार्ट बदलत बसल्यामुळे त्या भंगारात जाव्यात, हे मला पटत नाही.

गाडी नेमकी कधी बंद पडते, हे न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. ‘बंद पडते’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. थंड असताना बंद पडते की तापल्यावर? ब्रेक दाबल्यावर, एसी लावल्यावर की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर? बंद पडल्यावर लगेच चालू होते, की अर्धा तास थांबावं लागतं? हे दोन-चार दिवस कागदावर लिहून ठेवा. निम्मं निदान त्यातच होतं.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्लो कोसळत असेल, तर ब्रेक बूस्टरचा, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा, पडदा फाटलेला असू शकतो. गाडी उभी ठेवून बूस्टरकडे जाणारा जाड होज पकडीने हलकेच दाबा. इंजिन लगेच सावरलं तर हवा तिथूनच ओढली जातेय. होज दाबलेला ठेवून गाडी मात्र चालवू नका, ब्रेकची ताकद जाईल.

ऑटोमॅटिक गिअरची गाडी हायवेवरून येऊन थांबताना, क्लच न दाबता थांबवल्यासारखी झटका देऊन बंद पडत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) अडकल्याचा संशय घ्या. थांबण्याआधी न्यूट्रल केल्यावर ती बंद पडत नसेल, तर संशय बळावतो. अशा गाडीचं थ्रॉटल कितीही साफ करा, फरक पडणार नाही.

स्लोचा स्क्रू पिळणं

कार्बोरेटरच्या गाडीत हा स्क्रू त्यासाठीच असतो. इंजेक्शनच्या गाडीत तो थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा सोडणारी, झडप कुठे टेकावी हे ठरवतो आणि कारखान्यातच लावलेला असतो. स्लो किती ठेवायचा हे इंजिनचा कॉम्प्युटर आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्हमार्फत, म्हणजे आयएसीमार्फत ठरवतो. झडप मिटली आहे हे त्याला थ्रॉटल सेन्सरच्या व्होल्टेजवरून कळतं. बऱ्याच गाड्यांत ते मिटलेल्या स्थितीत अर्ध्या ते एक व्होल्टच्या आसपास असतं. स्क्रू पिळला की व्होल्टेज वाढतं, ड्रायव्हरने पाय दिलाय असं कॉम्प्युटर समजतो आणि स्लो सांभाळायचंच सोडून देतो. मग रेस चढते, उतरते, पुन्हा चढते. कोणी आधीच हात लावलेला असेल, तर सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापावर स्क्रू परत आणा आणि मगच पुढे जा.

आयएसी आणि थ्रॉटल बॉडीवर काजळी साचते, ती साफ करणं योग्यच आहे. पण आयएसीची सुई हाताने ओढू-ढकलू नका, काही प्रकारांत आतले आटे खराब होतात. काही थ्रॉटल बॉडींना आतून कोटिंग असतं. तिथे पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात नको.

हवेची गळती शोधायला पेटणारा स्प्रे मारणं

जुन्या गाडीत व्हॅक्यूमचे रबरी पाईप कडक होतात, टोकाशी चिरतात. अशी गळती सगळ्या गाड्यांत सारखी वागत नाही. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत चोरून आत आलेली हवा मोजलीच जात नाही, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन थरथरून बंद पडतं. मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणाऱ्या गाडीत मात्र कॉम्प्युटर जादा हवेला पुरेल इतकं पेट्रोल देतो, त्यामुळे स्लो उलट वाढलेला दिसतो. म्हणून ‘स्लो जास्त आहे, म्हणजे हवेची गळती नसणार’ असं धरू नका.

गळती शोधताना कार्बोरेटर क्लीनर सगळीकडे फवारणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ते थांबवा. तापलेला सायलेन्सर आणि जुन्या प्लग वायरींमधून उडणारी ठिणगी जवळच असते. साध्या पाण्याची बारीक फवारणीही काम करते. इनटेक गॅस्केटच्या कडेने, पाईपांच्या टोकांवर, पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या झडपेच्या) रबरावर थोडं थोडं मारा. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरवर मात्र पाणी जाऊ देऊ नका. ज्या जागी पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलेल, तिथे नीट बघा. व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तमच. समुद्रसपाटीच्या आसपास धडधाकट तापलेलं इंजिन स्लोवर साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतं. उंचावर आकडा कमी येतो. काटा स्थिर पण कमी असेल, तर गळती किंवा चुकलेलं टायमिंग (ठिणगीची किंवा व्हॉल्व्हची वेळ) असू शकतं.

तापल्यावर बंद पडणारी गाडी गार झाल्यावर तपासणं

वर्कशॉपमध्ये नेईपर्यंत गाडी गार होते आणि सगळं ठीक सापडतं. इग्निशन मॉड्यूल, डिस्ट्रिब्यूटरमधली पिकअप कॉइल आणि क्रँक सेन्सर हे ठिणगीशी संबंधित भाग तापले की दगा देतात, गार झाले की पुन्हा चालतात. म्हणून तपासणी गाडी बंद पडलेल्या क्षणीच व्हायला हवी. ठिणगी येते का ते दाखवणारा स्पार्क टेस्टर गाडीतच ठेवा.

एक खूण मला फार उपयोगी वाटते. हाती गिअरची गाडी गिअरमध्ये चालत असताना इंजिन मेलं, तर आरपीएमच्या काट्याकडे बघा. चाकांमुळे इंजिन फिरतंय, तरी काटा एकदम शून्यावर पडला, तर बहुतेक वेळा इग्निशनचा सिग्नल तुटलेला असतो. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर आधी पेट्रोलकडे वळा. पेट्रोलचा संशय असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. आत हवा जोरात ओढली गेली आणि गाडी चालू झाली, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बंद आहे. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाईप काढून हुंगायलाही विसरू नका. त्यात पेट्रोल असेल तर पडदा फाटलाय.

चुकीचा टेंपरेचर सेन्सर बदलणं

अनेक जुन्या गाड्यांत दोन सेन्सर असतात: एक मीटरच्या काट्यासाठी, दुसरा कॉम्प्युटरसाठी. काटा बरोबर दाखवतो म्हणून दुसराही ठीकच असेल, असं नाही. बहुतेक सेन्सरांचा रेझिस्टन्स 20 अंशांना साधारण 2 ते 3 किलोओम आणि 80 अंशांना 300 ओमच्या आसपास असतो. कूलंट कमी असलं तर सेन्सर हवेत राहतो आणि चुकीचं सांगतो. त्यामुळे आधी पातळी बघा.

कोड आला की तोच पार्ट बदलणं

कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड लक्षण कुठल्या सर्किटमध्ये दिसलं ते सांगतो. ऑक्सिजन सेन्सर ‘मिश्रण पातळ’ म्हणतो तेव्हा तो अनेकदा खरंच बोलत असतो आणि दोष फाटलेल्या पाईपमध्ये असतो. स्लोवर इंजिन खडखडतं पण वेगात छान पळतं, तेव्हा ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकलाय का बघा. तो कोड देईलच असं नाही.

अर्थिंगकडे तर सहसा कोणी बघतच नाही. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट लावा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर केबलची टोकं सोडवून घासून घ्या. नवा सेन्सर आणण्याआधी हे करा.

दुरुस्तीसाठी बॅटरी काढली असेल, तर कॉम्प्युटर स्लोची शिकलेली मापं विसरतो. जोडल्यावर पहिल्या काही किलोमीटरांत स्लो खालीवर झाला, तर लगेच बॉनेट उघडू नका. इंजिन पूर्ण तापू द्या, थांबत-थांबत थोडी गाडी चालवा आणि मग ठरवा.