न्यू ऑर्डरचे वेगवेगळे मिक्स आणि दुर्मिळ रेकॉर्ड्स जमवायच्या असतील तर

एक गोष्ट आधीच सांगतो, दुर्मिळ रेकॉर्ड शोधत बसायच्या आधी ती दुर्मिळ का आहे ते कानाला कळलं पाहिजे. बरेच जण उलटं करतात, महागातली तबकडी घेतात, कपाटात ठेवतात आणि गाणं मात्र फोनवरच ऐकतात. मला ते पटत नाही. १९७८ ते १९९० च्या आसपास मँचेस्टर, शेफिल्ड, लंडनमधून जे पोस्ट-पंक (म्हणजे पंक रॉकनंतरचं, जास्त प्रयोग करणारं रॉक) आणि त्यातून निघालेलं इलेक्ट्रॉनिक म्युझिक आलं ना, त्यात एकेका गाण्याची चार-चार पाच-पाच व्हर्जन्स आहेत, सात इंची सिंगल तबकडीवर एक, बारा इंचीवर दुसरं, अल्बममध्ये तिसरं, आणि सीडी निघाली तेव्हा जागा पुरेना म्हणून परत कुठेतरी कात्री लावलेली. हा फरक ज्याला ऐकू यायला लागला त्याने काय घ्यायचं ते आपोआप कळतं.

सुरुवातीला एकच बँड धरा. सगळं एकदम गोळा करायला गेलात तर पैसेही जातील आणि डोक्यात काहीच राहणार नाही. मी मँचेस्टरचा न्यू ऑर्डर धरला, जॉय डिव्हिजन बँडचा गायक इयन कर्टिस गेल्यावर उरलेल्यांनी काढलेला बँड, कारण त्यांची सुरुवातीची बहुतेक सिंगल्स अल्बमवर नाहीतच, आणि जी आहेत ती वेगळ्या लांबीची. शिवाय त्यांचं लेबल फॅक्टरी रेकॉर्ड्स, त्यांची 'फॅक' लावून नंबर द्यायची पद्धत. ह्या लोकांनी फक्त रेकॉर्डलाच नाही तर सगळ्यालाच नंबर दिले, फॅक १ हे एक पोस्टर आहे, फॅक ५१ म्हणजे हॅसिएंडा क्लब, आणि फॅक्टरीच्या संस्थापकांपैकी टोनी विल्सन गेले तेव्हा त्यांच्या शवपेटीला फॅक ५०१ नंबर दिला गेला. त्यामुळे नंबरांची यादी समोर ठेवली की काय आहे काय नाही ते लगेच दिसतं. एकच लक्षात ठेवा, ब्रसेल्सच्या फॅक्टरी बेनेलक्सचे नंबर वेगळे आहेत, एफबीएनने सुरू होणारे. 'एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन'ची पूर्ण लांबीची बारा इंची एफबीएन ८ आहे आणि 'मर्डर' एफबीएन २२. फक्त इंग्लंडची यादी घेऊन बसलात तर हे दोन्ही सुटतात.

पण नंबरवर आंधळा विश्वास नको. ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'सेरेमनी'. गाणं मुळात जॉय डिव्हिजनचं, इयन कर्टिस मे १९८० मध्ये गेला आणि उरलेल्या तिघांनी निर्माता मार्टिन हॅनेटबरोबर ते परत रेकॉर्ड केलं, ते १९८१ च्या सुरुवातीला आलं. तोपर्यंत जिलियन गिल्बर्ट बँडमध्ये आली होती आणि त्याच वर्षी त्यांनी तिला घेऊन तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि दोन्ही बारा इंचींना नंबर एकच, फॅक ३३! पहिली हिरव्या कव्हरची, दुसरी क्रीम रंगाच्या. १९८७ च्या 'सबस्टन्स' ह्या त्यांच्या सिंगल्सच्या संग्रहावर आहे ती दुसरी. मी पहिल्यांदा मागवली तेव्हा कव्हर क्रीम आणि आतली तबकडी पहिल्या व्हर्जनची निघाली, विकणाऱ्याने कधीतरी दोन प्रतींची अदलाबदल केली असणार. जिलियनची गिटार ऐकायची म्हणून घेतलेली, सुई टेकवली आणि दहा सेकंदांत कळलं की हे ते नाही, फार वाईट वाटलं. तेव्हापासून नियम केला, कव्हरचा फोटो बघून पैसे द्यायचे नाहीत, रनआउटचा फोटो मागायचा.

रनआउट म्हणजे शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी राहते ती. तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ती तबकडी कुठल्या मास्टरवरून काढली त्याची खूण, कोरलेला असतो. बघायची पद्धत अशी, खोलीतला दिवा बंद करा, रेकॉर्ड कडांना धरून थोडी तिरकी करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा मारा. सरळ वरून मारला तर नुसतं चमकतं, काही वाचता येत नाही. आडव्या उजेडात अक्षरं उठून दिसतात, आणि हाताने खरवडलेलं कुठलं, ठशाने दाबलेलं कुठलं हेही कळतं. हा फरक महत्त्वाचा आहे. हाताने कोरलेलं बहुतेक वेळा मास्टर तबकडी कापणाऱ्या कटिंग इंजिनीयरचं असतं, जसं जॉर्ज पेकहॅम 'पोर्की' अशी सही करायचा, आणि ठसे बरेचदा स्टुडिओचे किंवा कारखान्याचे. फॅक्टरीवाले तर तिथे निरोपसुद्धा लिहायचे, 'अननोन प्लेझर्स'च्या एका बाजूला 'धिस इज द वे' आहे आणि दुसऱ्या बाजूला 'स्टेप', दोन्ही मिळून एका ओळीची सुरुवात होते. ही अक्षरं डिस्कॉग्ज ह्या रेकॉर्डच्या वेबसाइटवर त्या प्रेसिंगच्या (छापलेल्या आवृत्तीच्या) पानावर जशी दिलीत तशी जुळतायत का ते एकेक अक्षर बघायचं, मधली रेघ, खोडलेला आकडा, सगळं. नंबरचा शेवटचा भाग वेगळा असेल तर तुमच्या हातात वेगळं कटिंग आहे, कधी फक्त आवाजाचा फरक असतो, कधी चक्क वेगळा मिक्स.

दुसरं हत्यार म्हणजे घड्याळ. 'द परफेक्ट किस' घ्या, १९८५, फॅक १२३. बारा इंचीवर पावणेनऊ मिनिटं, 'लो-लाइफ' अल्बमवर पाच मिनिटांच्याही आत, आणि 'सबस्टन्स'च्या सीडीवर आठ मिनिटांच्या जरा वर, म्हणजे जवळजवळ पाऊण मिनिट गेलं कुठे, तर शेवट कापला. मला विचाराल तर ह्या गाण्याचा जीव त्या शेवटातच आहे. म्हणून 'सबस्टन्स' घरात आहे म्हणजे सिंगल्स झाली असं समजू नका. त्याच अल्बमवर 'टेम्प्टेशन' आणि 'कन्फ्यूजन' तर १९८७ मध्ये नव्याने रेकॉर्ड केलेली आहेत, १९८२ ची आणि १९८३ ची मूळ हवी असतील तर फॅक ६३ आणि फॅक ९३ शोधायला लागतील. लेबलवर छापलेल्या वेळेवर मात्र जाऊ नका, ती चुकीची असू शकते, स्वतः मोजा.

'ब्लू मंडे' सगळ्यांना हवी असते, मार्च १९८३, फॅक ७३, डिझायनर पीटर सॅव्हिलचं ते फ्लॉपी डिस्कसारखं कव्हर. सुरुवातीच्या प्रतींत कव्हरला खरोखर भोकं पाडलेली आहेत आणि आतलं चंदेरी इनर त्यातून दिसतं, नंतर भोकं बंद झाली आणि नुसती छपाई राहिली. पण ही काही दुर्मिळ नाही, लाखांनी खपलेली रेकॉर्ड आहे, त्यामुळे कोणी 'रेअर' म्हणून फुगवलेली किंमत सांगितली तर पुढे चला. घेतलीत तर मागची बाजू नक्की ऐका, 'द बीच' म्हणजे त्याच गाण्याचं उलगडून ठेवलेलं इन्स्ट्रुमेंटल रूप, ड्रम मशीन आणि बेस कसे एकमेकांत बसवलेत ते तिथे मोकळं ऐकू येतं. १९८८ चा मिक्स फॅक ७३आर, ते 'आर' बघून घ्या. 'ट्रू फेथ'चंही तसंच आहे, मूळ फॅक १८३ आणि शेप पेटिबोनचा रिमिक्स १८३आर.

दोन सीडींवर एकच मिक्स आहे की नाही ह्यात कानाला शंका आली तर हे करून बघा. दोन्ही गाणी नीट रिप करा, म्हणजे सीडीवरून कॉम्प्युटरवर उतरवा, ऑडॅसिटी ह्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक टाका, झूम करत करत पहिल्या किक ड्रमच्या टोकाला दोन्ही वेव्हफॉर्म तंतोतंत जुळवा आणि मग त्यातलं एक उलटं करा, इन्व्हर्ट म्हणून ऑप्शन आहे. आता दोन्ही एकत्र वाजवा. मास्टर एकच असेल तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि शांतता मिळते. फक्त आवाज कमीजास्त केला असेल तर तेच गाणं बारीक आवाजात उरतं. आणि मिक्स वेगळा असेल तर जे वेगळं आहे ते समोर येतं, कुठे नुसता एको, कुठे जास्तीचं सिंथ, भूत ऐकल्यासारखं वाटतं पहिल्यांदा. रेकॉर्डवरून घेतलेल्या ऑडिओवर हे चालत नाही कारण टर्नटेबलचा वेग किंचित हलतो, दोन सेकंदांत जुळवणी सुटते.

न्यू ऑर्डर पचला की मग बाजूला सरका. इंग्लंडच्याच डेपेश मोड बँडच्या लिमिटेड बारा इंची एल१२बाँग ह्या नंबरांनी ओळखायच्या, 'पीपल आर पीपल'चा एड्रियन शेरवूडने केलेला ऑन-यू साउंड मिक्स एल१२बाँग५ वर आहे आणि तो मूळ गाणं पार मोडून परत बांधतो. पील सेशन्स हा वेगळाच खजिना आहे, जॉन पीलच्या बीबीसी रेडिओ कार्यक्रमासाठी एका दिवसात केलेली रेकॉर्डिंग्ज, स्ट्रेंज फ्रूट लेबलची पहिलीच ईपी न्यू ऑर्डरची आहे. आणि फक्त डीजेंसाठी निघायच्या त्या सर्व्हिसेस, अमेरिकेत डिस्कोनेट आणि रेझरमेड, इंग्लंडमध्ये डीएमसी, त्यांच्यावरचे मिक्स दुकानात कधी आलेच नाहीत. सगळेच चांगले आहेत असं नाही, काही नुसते ताणलेले आहेत, आधी ऐका मग घ्या. गोव्यात ऐंशीच्या दशकात हणजूणच्या पार्ट्यांना डीजे असलीच युरोपियन इलेक्ट्रॉनिक गाणी कॅसेटवर घेऊन गायलेला भाग कापून वाजवायचे, ते मिक्स त्या कॅसेटींबरोबरच गेले.

जॉय डिव्हिजनकडे वळलात तर नकलींपासून सांभाळा. 'ॲन आयडियल फॉर लिव्हिंग'ची सात इंची १९७८ मध्ये फक्त १००० निघाली, आणि १९८० मध्ये फ्रान्समधली सोर्दिद सांतिमांताल लेबलची, जिच्यावर 'ॲटमॉस्फिअर' पहिल्यांदा आलं, ती १५७८ नंबर घातलेल्या प्रती. दोन्हींच्या नकली ढिगाने आहेत. छपाईत बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या, फोटो धुरकट, म्हणजे कव्हर कव्हरवरूनच स्कॅन केलेलं. खात्री नसेल तर सोडून द्या, गाणी जॉय डिव्हिजनच्या संग्रहात मिळतात, त्याचंही नाव 'सबस्टन्स'च आहे, न्यू ऑर्डरच्या संग्रहाशी गल्लत करू नका.

खरेदी करताना ग्रेड, म्हणजे विकणाऱ्याने रेकॉर्डच्या स्थितीला दिलेला दर्जा, वाचा पण विचारा, वाजवून ग्रेड दिलीय की नुसती बघून. व्हीजी प्लस (व्हेरी गुड प्लस) ही ग्रेड नुसती बघून दिलेली असेल तर शांत जागांवर खरखर निघू शकते, आणि ह्या म्युझिकमध्ये शांत जागा खूप आहेत. भारतात मागवताना एकच विनंती आवर्जून करा, तबकडी कव्हरमधून बाहेर काढून मागे ठेवून पॅक करा, नाहीतर प्रवासात ती आतून सरकते आणि कव्हरची शिवण फाटते. एकेक मागवण्यापेक्षा एकाच विकणाऱ्याकडून चार-पाच घ्या, पोस्टेज आणि कस्टम्स मिळून एका सिंगलवर तिच्या किमतीएवढेच पैसे लागतात.

आपल्याकडे चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फॅक्टरीची रेकॉर्ड मिळेल ह्या आशेवर फिरू नका, पण डोळे उघडे ठेवा. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत टीबी-३०३ सिंथ आणि टीआर-८०८ ड्रम मशीनवर दहा राग वाजवले, ती रेकॉर्ड वर्षानुवर्षं कोणाच्या खिजगणतीत नव्हती आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभर लोक मूळ प्रत शोधायला लागले.

आता पावसाळा. मी ठाण्यात राहतो, जुलैमध्ये कव्हरला बुरशी धरायला आठवडा पुरतो. रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला टेकवून नाही, मध्ये चार बोटं जागा. पीव्हीसीचे जाड चकचकीत कव्हर वापरू नका, ते गरमीत रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतात, साधी पॉलिथिन बरी. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या, दर दोन-तीन आठवड्यांनी सुकवून परत. आणि सीडी असतील तर आज रात्रीच एकदा काढून कडा बघा. १९८८ ते १९९३ च्या दरम्यान इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात बनलेल्या बऱ्याच सीडी काठाकडून तांबूस होत जातात, वरचं लॅकर कागदातल्या गंधकापुढे टिकलं नाही म्हणून. आतल्या गोलाजवळ 'मेड इन यूके बाय पीडीओ' असं लिहिलेलं असतं. दिसली तर ती सीडी वाजतेय तोवर आधी रिप करून फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) ठेवा, फाइलच्या नावात मॅट्रिक्स नंबर टाका, आणि मूळ कागदाऐवजी प्लास्टिक केसमध्ये ठेवा.