मूटच्या प्रॉब्लेममध्ये एआय ड्रोन आला तर सुरुवात कुठून करायची

परवा चर्चगेटहून बोरिवली स्लो पकडली, नशिबाने विंडो सीट मिळाली, अंधेरी येईपर्यंत मूटसाठी (लॉ कॉलेजच्या पोरांची नकली खटल्याची स्पर्धा) ज्युनियर्सनी लिहिलेली तीन मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, वाचली आणि तिन्हीत तेच वाक्य: "या शस्त्रावर बंदी नाही म्हणून ते कायदेशीर आहे." पोरांनो, हे आधी खोडा. 1996 मध्ये अण्वस्त्रांबद्दल मत देताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की मानवतावादी कायद्याची, म्हणजे युद्धाच्या नियमांची, तत्त्वं कालच्या, आजच्या आणि उद्याच्याही शस्त्रांना लागू आहेत.

पहिलं काम, कोणत्या देशाने कशावर सही केलीय ते बघा. नवीन शस्त्र तपासून घ्या असं सांगणारं कलम 36 हे जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या प्रोटोकॉलमधलं (म्हणजे पुरवणी करारातलं), आणि भारत त्यात नाही (1949 च्या चारही जिनिव्हा करारांत आहे, त्यासाठी आपला 1960 चा कायदाही आहे). पण नागरिक-सैनिक फरक वगैरे मूळ नियम रूढीने सगळ्यांनाच बांधतात, त्यामुळे प्रोटोकॉल नाही म्हणून लगेच हात वर करू नका.

मग शस्त्र मुळातच वाईट आहे का ते बघा, म्हणजे नेम धरताच येत नाही किंवा विनाकारण यातना देतं असं काही. कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेझरवर 1995 मध्येच बंदी आली, सैन्यांच्या हातात सर्रास पडायच्या आत, हे उदाहरण मला फार आवडतं. ड्रोन बहुतेक वेळा या तपासणीत पास होतो, इथे दोन पानं घालवू नका.

खरी केस वापरात असते. समजा कॅमेऱ्यात बाइकवरचा माणूस दिसतोय, खांद्यावर लांब नळी, सॉफ्टवेअर म्हणतंय रॉकेट लाँचर, 87 टक्के. अरे पण आमच्या चाळीत येणारा प्लंबर पण पीव्हीसी पाइप असाच आणतो! शंका असेल तर माणूस नागरिकच धरायचा असा नियम आहे, मग उरलेल्या 13 टक्क्यांचं काय केलं, कोणी बघितलं, किती सेकंद बघितलं, हे विचारा. तो सैनिकच निघाला तरी जखमी होऊन पडला असेल किंवा शरण येत असेल तर मारता येत नाही, आणि हे मशीनला ओळखता येतं का? आणि आजूबाजूला भाजी बाजार असेल तर होणारी नागरी हानी अपेक्षित लष्करी फायद्यापेक्षा जास्त होतेय का, हेही हल्ल्याआधीच तोलायचं, आणि ते कमांडरला त्या वेळी काय माहीत होतं त्यावर, नंतर काय कळलं त्यावर नाही.

माझी ट्रिक सांगते, समासात या तीन गोष्टींची वेळ लिहा: ड्रोन कधी सोडला, टार्गेट कधी ठरलं, स्फोट कधी झाला. चूक लक्षात आली की हल्ला थांबवायचा हा नियम आहे, आणि मध्ये 40 मिनिटं ड्रोन परत बोलवायची सोयच नसेल तर तुमचा सगळ्यात भारी मुद्दा त्या 40 मिनिटांत आहे, थिअरीत नाही.

समोरची टीम म्हणेल "अल्गोरिदमने ठरवलं". स्वायत्त शस्त्रांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र कराराच्या (CCW) देशांनी मान्य केलेल्या 2019 च्या 11 मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय की जबाबदारी मशीनवर ढकलता येत नाही, बंधनकारक नाहीत पण सगळ्यांच्या सहमतीने आलीत, ते पान बुकमार्क लावूनच कोर्टरूममध्ये जा, शोधत बसलात तर जज लोक घड्याळ बघायला लागतात.