स्टॉकहोमला पोस्टडॉकसाठी येताय? आधी नंबर, मग डेटा

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी. इथे निवड झाली की पहिला फोन येतो तो थंडीच्या कपड्यांसाठी. जाड जॅकेट इथे येऊन घ्या, तिकडून आणलेलं डिसेंबरात पुरत नाही. विषय संपला. मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. करार साधारण दोन वर्षांचा असतो, आणि गुन्हेगारी आणि विषमता यांच्या अर्थशास्त्रावर काम करायला आलेल्याचे त्यातले कित्येक महिने नुसते वाट बघण्यात जातात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

उतरल्यावर पहिली फेरी करखात्याच्या, म्हणजे ‘स्कात्तेवेर्केत’च्या, कचेरीत. तिथे पर्सोननुम्मर मिळतो: जन्मतारीख आणि पुढे चार आकडे. त्याच्याशिवाय ओळखपत्र नाही, ओळखपत्राशिवाय बँकेत दाद लागत नाही, बँकेशिवाय बँकआयडी (फोनवरची डिजिटल ओळख) नाही आणि बँकआयडी नसेल तर साधं पार्सल सोडवतानाही घोडं अडतं. हातात नोटा असून उपयोग नाही, कितीतरी दुकानं रोकड घेतच नाहीत. तिकडून चालू असलेलं एखादं कार्ड आणा आणि पहिले काही आठवडे त्यावर काढा. आणखी एक, राहण्याचा परवाना वर्षभराहून कमी मुदतीचा असेल तर हा नंबर मिळत नाही. म्हणून सही करण्याआधी कराराच्या तारखा नीट बघा. सोबत नवरा-बायको-मुलं येणार असतील तर त्यांच्याही.

घरासाठी विद्यापीठाच्या निवास कार्यालयाकडे कराराच्या दिवशीच अर्ज टाका. शहराच्या भाड्याच्या घरांची रांग वर्षानुवर्षांची आहे, तिच्यात आपला नंबर लागायच्या आत पोस्टडॉक संपतो. उरतं ते ‘आंद्राहांद’, म्हणजे मूळ भाडेकरूकडून पोटभाड्याने घेतलेलं घर. किल्ली हातात पडल्याशिवाय अनामत पाठवू नका. मी पाठवली होती. घराचे फोटो फार सुंदर होते.

आता कामाचं. जो नंबर मिळवायला तुम्ही धावताय, तोच तुमच्या संशोधनाचीही किल्ली आहे. 1947 पासून इथे प्रत्येकाला तो आहे, त्यामुळे शाळा, पगार, आजारपण, आईवडील, शिक्षा, सगळी रजिस्टरं एकमेकांना जोडता येतात. न्यायालयीन शिक्षांचं रजिस्टर 1973 पासूनचं. कोण कुणाचं मूल हे सांगणाऱ्या रजिस्टरात 1932 पासून जन्मलेले लोक. आपल्याकडे एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) जिल्हावार बेरजा घेऊन डोकं खाजवत बसलेल्या माणसाला हे बघून गरगरायला होतं. गरिबीतून गुन्हेगारी येते का, या प्रश्नावर इथे 1989 ते 1993 मध्ये जन्मलेल्या पाच लाखांवर मुलांचा अभ्यास झाला. गरीब घरातली मुलं हिंसक गुन्ह्यांत जास्त सापडतात, हे वरवर दिसलंच. पण एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली, कुणाच्या बालपणी घरात पैसा होता आणि कुणाच्या नव्हता हे बघून, तेव्हा तो फरक उरला नाही. उलट शिक्षणाचा परिणाम मात्र दिसतो. सक्तीचं शिक्षण एकेका नगरपालिकेत वेगवेगळ्या वर्षी वाढवलं गेलं, त्याचा फायदा घेऊन काढलेला हिशोब असा की शाळेचं एक वर्ष वाढलं की पुरुषांना शिक्षा होण्याची शक्यता 6.7 टक्क्यांनी आणि तुरुंगात जाण्याची 15.5 टक्क्यांनी घटते.

पण ही रजिस्टरं तुमच्या हातात कुणी देत नाही. गुन्ह्यांची माहिती वापरायची तर कायद्याने नैतिक मंजुरी (एथिक्स अप्रूव्हल) लागते, आणि त्या अर्जात माझं गाडं रुतलं. मी लिहिलं, अमुक वर्षी जन्मलेल्यांच्या शिक्षांची माहिती हवी. भावंडांच्याही हव्यात, हे लिहायचं राहिलं. आणि माझा अख्खा विषय भावंडांच्या तुलनेचा! भावंडं म्हणजे वेगळी माणसं, त्यांची वेगळी मंजुरी. दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा वाट. तेव्हा अर्ज लिहिताना तक्त्याचा प्रत्येक रकाना आधी कागदावर काढा आणि तो नेमका कुणाबद्दल आहे ते शेजारी लिहा. शक्य असेल तर हे काम भारतात बसूनच सुरू करा. यजमान प्राध्यापकांच्या मंजूर प्रकल्पात तुमचं नाव घालता येतं का, हेही विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही, निम्मे लोक असंच सुरू करतात.

मंजुरीनंतर सांख्यिकी खातं पर्सोननुम्मर काढून त्याजागी वेगळाच सांकेतिक क्रमांक घालतं आणि डेटा ‘मोना’ नावाच्या आपल्याच सर्व्हरवर ठेवतं. तुम्ही दुरून आत शिरायचं, तिथेच काम करायचं आणि बाहेर फक्त निकालाचे तक्ते काढायचे. तक्त्याच्या ज्या चौकटीत दोन-तीनच माणसं असतील ती बाहेर काढू नका, मंजुरी असली तरी.

संपत्तीच्या विषमतेवर काम करायचा बेत असेल तर आताच सावध करते. स्वीडनने संपत्ती कर 2007 मध्ये रद्द केला. कर गेला, तशी घरोघरच्या संपत्तीची नोंदही थांबली. उत्पन्नाचं तुम्हाला अजून सगळं मिळेल, संपत्तीचं चित्र पुढे बरीच वर्षं तिथेच अडकून राहिलं. उत्पन्नात बऱ्यापैकी समान आणि संपत्तीत भलताच विषम असा हा देश आहे, आणि त्यातली दुसरी बाजू मोजायचं साधन त्यांनी स्वतःच बंद केलं. मला याचं अजून हसू येतं. रडूही.

एका बाजूला संशोधकाला इतकी कुलपं, आणि दुसऱ्या बाजूला कुणाचंही करपात्र उत्पन्न करखात्याला फोन करून विचारता येतं. सरकारी कागद सर्वांना खुले, हे तत्त्व इथे 1766 पासूनचं. नव्याने आलेला मराठी माणूस हे ऐकल्यावर आधी बॉसचा पगार विचारतो. विचारा, कुणी रागवत नाही.

घरचे फोनवर विचारतील, तिकडे गोळीबार होतात म्हणे? होतात. मरणारे आणि मारणारे बहुतेक तरुण मुलगे, आणि गुन्हेगारीने ग्रासलेल्या वस्त्यांच्या पोलिसांच्या यादीतली काही मोजकी नावं पुन्हा पुन्हा येतात. त्या वस्त्यांत भाजी स्वस्त आणि चांगली मिळते. मी शनिवारी त्यातल्याच रिंकेबीला मेथी-कोथिंबिरीसाठी जाते. आईला मात्र ‘बाजारात गेले होते’ एवढंच सांगते.

मंजुरीची वाट बघायच्या महिन्यांत दोन गोष्टी करा. स्वीडिश शिका, वर्ग फुकट असतात. आणि न्यायालयात जाऊन बसा. मेट्रोच्या निळ्या लाइनवर रोडहुसेत स्टेशनला उतरायचं, वर त्याच नावाचं जुनं न्यायालय. सुनावण्या खुल्या असतात, आजची यादी आतच लावलेली असते. साध्या खटल्यात एक न्यायाधीश आणि तीन ‘नेम्देमेन’. हे कायदा शिकलेले नसतात, राजकीय पक्षांनी सुचवलेले साधे नागरिक, बरेचसे निवृत्त. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानातून मांसाची पाकिटं उचलल्याचा खटला होता. आरोपी दुभाष्याच्या तोंडाकडे बघत होता, नेम्देमेनमधल्या आजी चष्मा पुसत होत्या. चाळीस मिनिटांत संपलं. पुढे मोना उघडल्यावर असल्या चाळीस मिनिटांची एकेक ओळ दिसायला लागली: गुन्ह्याचं कलम, तारीख, शिक्षा.

दारात बॅग तपासतात, बाकी काही नाही. पर्सोननुम्मर न विचारता आत सोडणारी स्टॉकहोममधली हीच एक सरकारी जागा मला अजून सापडलीय, त्यामुळे पहिल्या आठवड्यातसुद्धा जाता येईल.